स्टोव्हचा प्रवेश

बाबा, माझ्या पहिल्या चित्रपटाचा मुहूर्त झाला तेव्हा तुमचा फोटो कॅमेऱ्याशेजारी पाटावर होता. मी ठेवला नव्हता. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातलं एक रिकामं बैठं घर आम्ही चित्रीकरणासाठी भाड्यानं घेतलं होतं. अंगणात कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहून झालं, निर्मात्यानं नारळ हातात घेतला, आणि तेवढ्यात तुमच्या कारखान्याच्या नाटकमंडळातले काका पिशवीतून तुमची तसबीर काढत पुढे आले. "अण्णांशिवाय मुहूर्त कसला रे?" असं म्हणून त्यांनी ती पाटावर टेकवली आणि झेंडूचा एक हार कॅमेऱ्याच्या गळ्यातून काढून तुम्हाला घातला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. न जोडणं कुणाच्या तरी नजरेत आलं असतं, आणि मला ते एवढ्यात नको होतं.

कारण तो चित्रपट तुमच्यावर सूड उगवण्यासाठी लिहिला होता. हे मी दिग्दर्शकाला कधी सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते एवढंच, की कामगार वसाहतीतलं घर आहे, बाप हौशी नाटकवाला आहे, आणि मुलगी लिहिते. पटकथेत तुम्हाला नाव नाही, फक्त 'बाप'. पण बशीत चहा ओतून त्यावर फुंकर न मारता तो तसाच हलवत बसणं तुमचं आहे. बोलायच्या आधी चष्मा काढून हातात धरणं तुमचं आहे. तुमचा तो दोन खिशांचा राखाडी शर्ट मी शिंप्याला कागदावर मापं काढून देऊन तसाच शिवून घेतला. आणि स्वयंपाकघर. सातपूरच्या आपल्या घरातला ओटा, त्यावरची खिडकी, खिडकीच्या बाजूला भिंतीतलं फडताळ, पिठाचा डबा, हे सगळं मी कलादिग्दर्शकाला प्रमाणात काढून दिलं. तो म्हणाला, "मॅडम, इतकं अचूक कुणी देत नाही हो." मी दिवसभर अंबडच्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करते, मला सवय आहे, असं सांगितलं. ते खरंच होतं, पण ते कारण नव्हतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का, मला शंका आहे. अपमान करणाऱ्याच्या लक्षात दिवस राहत नाही. मी बारावीला आहे. रविवार सकाळ आहे. तुमची मंडळी तालमीआधी आपल्याकडे जमली आहेत, आई पोहे करते आहे, आणि जागा नाही म्हणून निम्मे लोक स्वयंपाकघरातच बसले आहेत. मी लिहिलेली एकांकिका तुम्हाला वाचायला दिली होती, एकट्याला. तुम्ही ती फडताळातून काढता, चष्मा हातात घेता आणि म्हणता, "ऐका, आमच्या कन्येचं नाटक." मग वाचायला लागता, बायकी आवाज काढून. एक बाई नवऱ्याची वाट बघत बसली आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की ती स्टोव्ह पेटवते, पाऊल पुढे निघून गेलं की विझवते. पुन्हा पाऊल, पुन्हा काडी. तुम्ही प्रत्येक वेळी तोंडानं 'फर्र' असा काडीचा आवाज काढता. पहिल्यांदा कुणी हसत नाही. नंतर सगळे हसतात. काका सगळ्यात मोठ्यानं, टाळ्या वाजवत. शेवटी नवरा येतो, "जेवून आलोय" म्हणतो, आणि बाई स्वतःचं ताट वाढून घेते. संपलं. तुम्ही कागद माझ्याकडे देत म्हणता, "हिच्या माणसांना रक्त नाही रे. नुसती मापं आहेत." आई ओट्याशी पाठमोरी उभी आहे. तिनं वळून बघितलं नाही, हे मी तेव्हा नोंदवलं आणि अजून विसरले नाही.

इथवर असतं तर मी चित्रपट लिहिला नसता. थट्टा सगळ्याच घरात होते. पण पुढच्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तुमचं नाटक झालं. मी आईबरोबर मागच्या रांगेत बसले होते. दुसरा अंक उघडला, आणि रंगमंचावर एक बाई, एक स्टोव्ह, जिन्यावर पाऊल. प्रेक्षागृह इतकं शांत झालं की काडी ओढल्याचा आवाज मागे आमच्यापर्यंत आला. तोच आवाज, ज्याचं तुम्ही 'फर्र' केलं होतंत. लेखनाचं पहिलं बक्षीस तुम्हाला मिळालं. परीक्षक त्या प्रवेशाबद्दलच बोलले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून माझ्यासाठी ड्रॉइंगच्या फळीवर लावायचा मिनी-ड्राफ्टर घेऊन आलात, चांगल्यातला, कारण मी इंजिनिअरिंगला जाणार हे तुम्ही ठरवलं होतंत. "हे तुझं हत्यार," म्हणालात. "पेन माझ्याकडे राहू दे." आई हसली. तिला वाटलं, तुम्ही गंमत करता आहात.

मी तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. तालमीहून परत येताना, सायकलवरून उतरून एका दुकानाच्या पायरीवर बसलात आणि उठला नाहीत. लोक अजून सांगतात, कलेसाठी जगले, कलेसाठी गेले. मी तेव्हा रडले नाही. माझं तुमच्याशी एक भांडण करायचं राहिलं होतं आणि तुम्ही उठून निघून गेला होतात, असं काहीसं वाटलं. त्या ड्राफ्टरवर मी पदवी केली, आणि नोकरी लागल्यावर संध्याकाळी पटकथा लिहायला बसले.

बापाच्या भूमिकेसाठी काकांचं नाव मी सुचवलं. दिग्दर्शकाला वाटलं, अनुभवी माणूस, स्थानिक, परवडणारा. मला वेगळंच हवं होतं. त्या स्वयंपाकघरात जो टाळ्या वाजवून हसला त्याच्याच तोंडून मला ते वाचन करवून घ्यायचं होतं. त्याला पडद्यावर इतकं मोठं दाखवायचं होतं की त्याचे दात दिसावेत. तुम्ही हाताशी नव्हता, काका होते.

हिशेब चुकला तो मुहूर्ताला. नारळ फुटल्यावर काका बोलायला उभे राहिले, आणि त्यांना थांबवणं कुणालाच जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. "अण्णांचा तो स्टोव्हचा प्रवेश अख्ख्या नाशिकनं पाहिलाय. आज त्यांची पोर तो पडद्यावर आणतेय. बापाचं ऋण फेडणं म्हणतात ते हे!" टाळ्या झाल्या. निर्माता चांदवडचा कांद्याचा व्यापारी, मनानं उदार. तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "ताई, हे बोलला नाय तुम्ही आधी! लय मोठी गोष्ट हाय ही. पोस्टरवर टाकू आपण. 'अण्णांच्या गाजलेल्या नाटकावरून'. नाशकात तर लोक नुसते नावावर येतील."

मी म्हणाले, "नाही. तो प्रवेश माझा आहे."

"तेच म्हणतोय ना मी. बापाचं ते लेकीचंच."

दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सूड सोडून सगळं सांगितलं, तुमच्याबद्दल त्याला पहिल्यांदाच. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्याकडे काही आहे का? तेव्हाचे कागद वगैरे?" कागद मी त्याच रविवारी फाडले होते. मग माझ्या बाजूनं कोण होतं? आई होती. मी तिला विचारलं, तू सांगशील का त्यांना, तू होतीस तिथं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "असू दे गं त्यांचं नाव. गेलेल्या माणसाशी कसली चढाओढ? आणि तुझ्या नावात मधे तेच तर आहेत. घरातल्या घरातच राहतंय ना?"

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. मी तुमच्यावर चित्रपट लिहिला होता आणि तो तुमचा होणार होता. लोक येणार, स्टोव्ह पेटताना बघणार, आणि बाहेर पडताना म्हणणार, काय माणूस होता. तुम्ही एकदा नेलंत ते मी स्वतःच्या हातानं, प्रमाणात काढून, दुसऱ्यांदा तुमच्या दारात नेऊन ठेवत होते.

त्या रविवारच्या प्रसंगाचं चित्रीकरण लागलं त्या दिवशी पोस्टरचा मजकूर छापायला जायचा होता. स्वयंपाकघर तयार होतं. आत पाऊल टाकलं आणि माझा हात आपोआप फडताळाकडे गेला. कलादिग्दर्शकानं माझी मापं फारच इमानदारीनं पाळली होती. तालीम सुरू झाली. काका तुमच्या शर्टात तुमच्या जागेवर बसले, चष्मा हातात घेतला, "ऐका, आमच्या कन्येचं नाटक" म्हणाले आणि वाचू लागले. 'फर्र' केलं. चांगलं केलं. तुमच्यापेक्षा जरा चांगलंच. आणि मग मधेच थांबले.

"काय झालं काका? विसरलात?" दिग्दर्शकानं विचारलं.

"नाही रे. थांब जरा." ते उठले, पिठाच्या डब्याजवळ गेले आणि तिथं मांडी घालून बसले. तिथं बसलेल्या नटाला हातानं सरकवलं. "मी इथं होतो. अण्णा तिथं. पोहे अळणी होते त्या दिवशी, आणि वहिनींना सांगायची कुणाची छाती झाली नाही." त्यांनी समोर, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवून बघितली. एकदा, मग परत एकदा. "मी अशा टाळ्या वाजवल्या होत्या."

"मग?"

"मग काय मग! अण्णांचं नाटक बसलं तेव्हा माझा हात प्लास्टरात होता. गणपतीत मांडवावरनं पडलो नव्हतो का? म्हणून तर माझी भूमिका दुसऱ्याला गेली, वर्षभर बोललो नाही मी अण्णांशी, घरी येणं सोडाच." ते माझ्याकडे वळले. चेहरा असा, की मला त्या क्षणी कॅमेरा चालू असायला हवा होता. "म्हणजे हे वाचलं तेव्हा अण्णांचं नाटक नव्हतंच. अगं पोरी. तुझं हे तर आधी."

इतकी वर्षं मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं.

निर्माता दारात उभा होता. काका त्याला म्हणाले, "शेठ, ते पोस्टर राहू द्या. हे अण्णांचं नाही. सगळं हिचं आहे. कानामात्रेसकट हिचं."

"नक्की का?"

"मी हसलो होतो त्याला. मला विचारा की."

निर्मात्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं तिथल्या तिथं छापखान्याला फोन लावला. "ती वरची ओळ काढा. हां, आख्खी. पैशाचं काय ते मी बघतो, तुम्ही काढा."

मग तो प्रसंग चित्रित झाला. काकांनी वाचन केलं ते मात्र बिघडलं, त्यांचा आवाज पडला. दिग्दर्शकाला ते आवडलं. मला नाही. मला हसणारा माणूस हवा होता. मी दिग्दर्शकाला म्हणाले, पुन्हा घे, आणि मग पुन्हा. शेवटी काका हसले एकदाचे, आणि चित्रपटात तेच आहे. नामावलीसाठी नाव कसं टाकायचं असं विचारलं तेव्हा मी मधलं नाव काढायला सांगितलं. आईनं पहिल्या खेळाला पडद्यावर ते वाचलं आणि पर्समधून रुमाल काढला. तुमचं नाव त्या चित्रपटात कुठंही नाही, बाबा. आभारातही नाही. नाशिकच्या थेटरात दोन आठवडे चालला आणि एकाही माणसाला तुमची आठवण झाली नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून तर लिहायला बसले.

आता जे सांगायचं राहिलं ते. माझ्या एकांकिकेत नवरा "जेवून आलोय" म्हणतो आणि बाई गप्प ताट वाढून घेते. पडद्यावर मुलीचं नाटक उभं राहतं तेव्हा ती बाई गप्प राहत नाही. ती म्हणते, "मग बसा समोर. आजवर मी बघत बसले, आज मी जेवते, तुम्ही बघा." पहिल्या खेळाला इथं बायकांच्या बाजूनं कुणीतरी "बरोबर!" म्हणालं आणि थेटर उसळलं. परीक्षणात लोकांनी तेवढं एक वाक्य उचललं. काकांना वाटतं ते माझं. काका तुमच्या त्या नाटकात नव्हते, आणि त्यांचा हात गळ्यात अडकवलेला असताना रागानं ते प्रयोगालाही आले नव्हते. आईला आठवत नाही, किंवा ती सांगत नाही. स्पर्धेच्या रात्री मागच्या रांगेत मी तुमच्या नाटकात ते वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, चोरीमुळे नव्हे.

हा कागद मी काकांना दाखवणार नाही, आईलाही नाही. ते वाक्य परतही देणार नाही. पण मला ते सुचलं नसतं.