‘पण’च्या पुढचे घर

मी, एल्मिना ऑगस्टा ट्रिम, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार वरची वाट, कास्तारा, टोबॅगो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या व्याकरणाने लिहीत आहे. माझे कमरेचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालील असा माणूस कास्तारात अजून जन्मायचा आहे. याआधी मी स्वतःचे मृत्युपत्र कधी केले नाही. दुसऱ्याचे एक लिहून दिले होते. ते कसे अंगाशी आले, ते तिसऱ्या कलमात सांगेन.

कलम १. वरच्या वाटेवरचे माझे दोन खोल्यांचे घर, पडवी आणि आवारातले ब्रेडफ्रूटचे झाड कुणाला द्यायचे, हाच या कागदाचा खरा प्रश्न आहे. मला मूलबाळ नाही. मला सांभाळणारी एक आहे, शनेल. शनेल ही माझा भाऊ राऊल याची मुलगी आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या, हे मला चार वर्षांत जमले नाही. म्हणून आधी किरकोळ उरकते.

कलम २. मोठा शब्दकोश शाळेला द्यावा. कसाव्याची किसणी आणि कोळशाची शेगडी जिला हवी तिने न्यावी. लाल पेने मात्र कुणालाही देऊ नयेत, समुद्रात टाकावीत.

त्या पेनांनी मी अडतीस वर्षे मुलांना शिकवले की इंग्रजीत दोन उलटसुलट गोष्टी एका वाक्यात आल्या की त्यांत एक जिंकते आणि एक हरते. ‘पण’च्या नंतर येते ती जिंकते. ‘असले तरी’च्या अलीकडे बसते ती तोंड उघडण्याआधीच हरलेली असते. माणसे दिवसभर अशी वाक्ये बोलतात आणि आपण कुणाला हरवले याचा त्यांना पत्ताही नसतो. आमच्या गावची मुले उगीचच ‘पण’ने सुरुवात करत, “पण बाई, केवढा मासा बघा!” त्यात विरोध कसलाच नसे, नुसते नवल. असे शेकडो ‘पण’ मी लाल रेघेने कापले. आज वाटते, गावात तेवढेच निरुपद्रवी होते.

बाकीच्यांनी मला सोडले नाही. शाळा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “ट्रिम बाई, तुमच्यासारखं इंग्रजी या बेटावर कुणाला येत नाही, पण मुख्याध्यापक पुरुष असलेला बरा.” जाळी विणणारा कथबर्ट, ज्याच्यासाठी मी दोन वर्षे रविवारची टोपी बदलत होते, तो म्हणाला, “एल्मी, तू मला फार आवडतेस गं, पण मी बोलायला लागलो की तू मला दुरुस्त करतेस.” या दोघांच्याही नावे मी काही ठेवत नाही. कथबर्टचे म्हणणे खरे होते, हे मात्र नोंदवून ठेवते.

कलम ३. आईचे घर खाली किनाऱ्याला होते. वडील गेल्यावर तिला अकरा वर्षे मी सांभाळले. राऊल टोराँटोत होता. नाताळला डबाभर बिस्किटे पाठवायचा आणि ती ओली होऊन यायची. १९७४ साली आईने अंथरूण धरले तेव्हा तो तीन आठवड्यांसाठी आला. एका दुपारी आई म्हणाली, “एल्मिना, कागद घे.” शेजारची ओडील आणि चर्चचे एक सेवक साक्षीला बसले होते. राऊल दारात उभा होता.

आई म्हणाली, “राऊल मुलगा हाय, घर त्याचंच म्हणतील समदी. पण मला सांभाळलं ते एल्मिनानं.”

एवढे बोलून तिने डोळे मिटले. मी विचारले, “मग लिहू काय?” ती म्हणाली, “सांगितलं ना? तेच लिही की. शिकलीस कशाला?”

तिला काय म्हणायचे होते ते त्या खोलीत सगळ्यांना कळले. मलाही कळले. लिहायला बसले आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. आईचे वाक्य मला ओबडधोबड वाटले. स्वतःचे नाव वाक्याच्या शेवटी, मानाच्या जागी, स्वतःच्या हाताने लिहायचे, याची लाज वाटली. घर ही मोठी गोष्ट, ती मुख्य वाक्यात हवी; माझी सेवा लहान, ती गौण वाक्यात. मी सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘एल्मिनाने माझा सांभाळ केला असला, तरी घर राऊलचे आहे.’

आईला वाचता येत नव्हते. तिने फुली मारली आणि माझ्या हातावर थोपटले. ते थोपटणे मी अजून विसरलेले नाही.

ती गेल्यावर वकिलाने कागद वाचून चष्मा काढला. “फारच स्वच्छ लिहिलंय हो. कुठे शंकेला जागाच नाही. कुणी लिहिलं?” मी ओडीलकडे पाहिले. ती खाली मान घालून म्हणाली, “बाई गं, आईनं सांगितलेलं मी ऐकलं. पण सही झाली ती तुझ्या कागदावर.” राऊल एवढेच म्हणाला, “तूच लिहिलंस ना, एल्मी?” पंधरा दिवसांत त्याने घराला कुलूप लावले आणि मी ट्रंक घेऊन वरच्या वाटेला आले. त्यानंतर एकोणतीस वर्षे त्या घरात परके भाडेकरू राहिले. निवृत्त होईपर्यंत मी रोज शाळेला जाता-येता त्यांचे वाळत घातलेले कपडे पाहिले.

कलम ४. राऊल म्हातारा होऊन मुलीसह परत आला आणि आता त्याच घराच्या पडवीत बसतो. मी त्याच्याशी बोलले नाही. चार वर्षांपूर्वी मी पायरीवरून पडले तेव्हा शनेल एक पिशवी घेऊन वर आली आणि राहिली. तिला कुणी बोलावले नव्हते. ती मला न्हाऊ घालते, माझी बोलणी खाते आणि उलट बोलते.

“आत्या, रस्सा चांगला झालाय म्हण.”

“चांगला झालाय, पण...”

“नाही! चांगला झालाय, आणि तोंड बंद.”

मी तिच्याशी वाईट वागले आहे. तिच्या हनुवटीत मला राऊल दिसतो आणि माझ्या हातातला चमचा थांबतो. हे तिलाही माहीत आहे. ‘शनेल मला सांभाळते, पण राऊलची मुलगी आहे,’ असे मी मनात हजार वेळा म्हटले आहे.

कलम ५. मी मृत्युपत्र करते आहे हे कळल्यावर गेल्या जानेवारीत राऊल काठी टेकत वर आला. सदतीस वर्षांनी पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“माझ्यावरचा राग पोरीवर काढू नकोस, एल्मी. आईला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो. चूक माझी होती.”

सदतीस वर्षे मी या वाक्याची वाट पाहिली होती. तो तिथेच थांबला असता तर मी त्याला आत बोलावून कोको दिला असता, देवाशपथ दिला असता.

“पण,” तो म्हणाला, “वाक्य तुझं होतं.”

मी शनेलला दार लावायला सांगितले. ते वाक्य माझे होते, हे खरेच आहे. म्हणून तर मला क्षमा करता येत नाही, ना त्याला ना मला.

कलम ६. अंत्यविधीला गाणी हवी ती म्हणावीत. ‘बाई कडक होत्या, पण मनाने चांगल्या’ असे कुणी बोलल्यास त्याला खाली बसवावे. मी मनाने चांगली होते, पण कडक, असे म्हणावे. तेच बरोबर आहे.

कलम ७. आता घर. मी तीन मसुदे फाडले. ‘ती राऊलची मुलगी असली, तरी...’ हे वाक्य घर तिला देते आणि आयुष्यभर तिला बापावरून टोमणा मारत राहते. म्हणून वाक्ये जोडणाऱ्या ज्या शब्दांवर मी पोट भरले त्यांतला एकही न वापरता लिहिते:

शनेलने मला सांभाळले. घर शनेलचे आहे.

ही दोन वाक्ये आहेत. वकिलाने, पाद्रीबाबांनी किंवा कुणा हुशार शिक्षिकेने ती जोडू नयेत.

कलम ८. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा आमचा कायदा आहे. हे पूर्ण ठाऊक असताना मी दुसरा साक्षीदार म्हणून माझ्या भावाला बोलावले आहे. कायद्याला साक्षीदाराने नुसती सही पाहिली तरी पुरते. मला पुरत नाही. हा कागद त्याला पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवला आहे. या खेपेस तो दारात उभा नव्हता, समोर बसला होता.

मृत्युपत्र करणारी: एल्मिना ऑगस्टा ट्रिम

साक्षीदार: ऑस्बर्ट मूर, निवृत्त पोस्टमन

साक्षीदार: राऊल ट्रिम. सर्व ऐकले, प

(वरील ‘प’ राऊलचा आहे. पुढचे अक्षर येण्याआधी मी त्याच्या हातातून पेन काढून घेतले. ए. ट्रिम)

कास्तारा, टोबॅगो. १४ मार्च २०११.