बोर्डाची पाठ

बाबा, तुमच्या बोर्डाची पाठ गेले काही दिवस माझ्यासमोर आहे आणि तिच्यावर काय लिहावं ते मला कळत नाही. दादा गेल्यापासून वहिनी एकटी खानावळ चालवते. बंदराकडचा रस्ता एकेरी झाला, गाड्या उलट्या बाजूने येऊ लागल्या आणि तुम्ही भिंतीतून रस्त्याकडे बाहेर काढलेला, एकाच बाजूने रंगवलेला बोर्ड त्यांना पाठमोरा झाला. कोरी फळी बघून लोक पुढे जातात. हाही सीझन असाच गेला तर वहिनी पावसाआधी चूल बंद करणार आहे.

"पाठ कित्याक रंगवूची? पाठीक कोण बघता?" लहानपणचं आठवतं: कट्टा गावच्या बाजारात कुणाची तरी पाटी लावताना तुम्ही शिडीवरून म्हणताय, मी खाली शिडी धरून उभा आहे. खारं वारं लोखंड खातं म्हणून तुम्ही पितळी स्क्रू वापरायचात, पाणी निथळावं म्हणून फळी जराशी पुढे झुकवायचात. एवढा पुढचा विचार करणाऱ्या माणसाला रस्ता फिरेल असं कधी वाटलं नाही? की वाटलं होतं आणि तुम्ही ते आमच्यावर सोडलंत? मला ठरवता येत नाही.

वहिनी म्हणते, "भावजी, पेटणारी अक्षरां लावया. हिंदी, इंग्लिश, काय ता." तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट, मी गावोगाव सभांतून पाट्या मराठीतच हव्यात म्हणून बोलतो. ते मला आजही तितकंच खरं वाटतं. मी म्हणालो, मराठीत लिहितो, हाताने लिहितो. "लिवा. पण भाषण लिवू नकात."

काल सकाळी तुमच्यासारखाच आधी खडू घेतला. तुम्ही खडूने अक्षरं काढून लांब जाऊन उभे राहायचात, वाचता आली नाहीत की परत येऊन पुसायचात. मी समुद्र, चव, माती असं पुष्कळ लिहिलं. रस्त्याच्या वळणावर जाऊन बघितलं तर नुसता पांढरा धुरळा दिसला. पुसलं, निम्मं लिहिलं, परत पुसलं. वहिनी दारात मासे साफ करत बघत होती. "तवसर लोकांक उपाशी ठेवतलात?" शेवटी "जेवण" एवढंच उरलं. वळणावरून ते दिसतं, पण बाहेरच्याला कळेल? "आपणाक काय सांगूचा आसा ता नको, येणाऱ्याक काय होया ता लिव," हेही तुमचंच. मग मी माझं लिहायचं की त्यांचं?

शिडीवर असतानाच एक गाडी हळू झाली. आतल्या बाईंनी काच खाली केली. "भैया, खाना मिलेगा?" वहिनीचा सुरा थांबला.

"मिलेगा. आइए, बैठिए," मी म्हणालो.

ती माणसं जेवून गेली. बोर्डाची पाठ अजून खडूचीच आहे, रंगाचा डबा उघडलेला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहितो: 'मिलेगा' म्हणताना सभेतला एकही शब्द माझ्या मनात आला नाही. ती गाडी पुढे जाऊ नये, इतकंच आलं.