थांबणाऱ्याचीच वेळ संपते

वसई, ऑगस्ट १९८८, शुक्रवार

आज ऑफिसात झालं ते डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या विमान तिकिटांच्या खिडकीवर पाचूबंदरचा एक मच्छीमार आला होता. त्याचा भाऊ बहारीनच्या इस्पितळात, अगदी शेवटच्या घटका मोजत होता. संध्याकाळच्या विमानात एकच जागा होती, पण पडद्यावर नुसतं ‘थांबा’. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी मी, म्हणून मला वरच्या मजल्यावरून बोलावलं. पाहते तर शेजारच्या खिडकीवरचे कामत तीच जागा आपल्या पडद्यावर उघडून ठेवून जेवायला गेलेले. त्यांचं काम पुरं होईपर्यंत कॉम्प्युटर ती दुसऱ्याला देईना, आणि सगळी यंत्रणा बंद केल्याशिवाय मला सोडवता येईना.

“मी थांबतो, बाय,” तो म्हणाला. “पन माजा भाव थांबंल का?”

कामत सापडेपर्यंत बुकिंग बंद झालं. त्याला उद्याचं तिकीट मिळालं. जाताना त्याने मला हात जोडले. कशासाठी?

मग साहेब म्हणाले, “थांबण्याला मर्यादा घाला.” घातली. चालवून पाहिली आणि चूक दिसली. वेळ संपली की बाहेर फेकला जातो तो वाट पाहणारा. जागा अडवणारा तसाच राहतो. म्हणजे त्या मच्छीमाराला ‘थांबा’ऐवजी ‘जा’ दिसलं असतं, एवढंच! सगळं पुसून पुन्हा लिहिलं. आता जो जागा धरून गप्प बसेल, त्याचंच अर्धवट काम रद्द होईल.

घरी रोझरीची माळ घेऊन त्याच्या भावासाठी प्रार्थनेला बसले, पण नाव घ्यायला गेले आणि अडले. त्या भावाचं नावही मी विचारलं नव्हतं.