उसना गडी

मी, खालच्या गावचा सुतार, वय सत्तरीच्या पुढे, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात अजून पट्टीशिवाय सरळ रेघ मारतो आणि हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, म्हणून पुढे ढकलत नाही. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वकीलबाईंनी सांगितली तशी कलमे पाडली आहेत. मधले बोलणे माझे आहे. ते कुणी काढू नये.

कलम १. माझ्या थोरल्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. रंधा नाही, पटाशी नाही, एक खिळासुद्धा नाही. हे वाचून गावाने लगेच माना डोलावू नयेत. कारण शेवटच्या कलमात दिले आहे, आणि ते भांडणाचे नाही.

कलम २. राहते घर, आतल्या सामानासकट, माझ्या लेकीला. ती आठवडाभर बस चालवते आणि रविवारी आमच्या क्लबची यष्टिरक्षक असते. दोन्हीकडे तिच्या हातून काही निसटत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. जावयाला माझी आरामखुर्ची. तसाही तो आल्या आल्या तिच्यातच बसतो आणि मी आजवर उभ्याने गप्पा मारल्या, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ वरच्या गावच्या बेकरीवाल्याला. यामागची हकिकत लेकीला तोंडपाठ आहे, पण कागदावर यायला हवी.

आमचे खालचे गाव आणि टेकडीवरचे वरचे गाव यांच्यात दर वर्षी एका रविवारी क्रिकेटचा मैत्रीचा सामना होतो. मैत्रीचा म्हणायचे, एवढेच. त्याचा एक जुना रिवाज आहे. एका बाजूला गडी कमी पडला, तर दुसऱ्या बाजूने आपला एक गडी उसना द्यायचा, आणि उसन्याने त्या दिवसापुरते घेणाऱ्यांसाठी जीव तोडून खेळायचे. कुचराई केली, तर दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा नाही. माझे लग्न व्हायचे होते त्या वर्षीची गोष्ट. सामन्याच्या सकाळी बेकरीवाल्याचा हात भट्टीत भाजला आणि वरच्या गावचे दहाच गडी उतरले. आमचा कप्तान होता दादा, म्हणजे हाच माझा थोरला भाऊ. त्याने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून मला पुढे ढकलले.

"याला न्या," तो म्हणाला. "याला घरात फेकलेली किल्ली झेलता येत नाही. आमचं काही अडणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण खोटे काहीच नव्हते.

चहाच्या टेबलामागे वरच्या गावच्या कप्तानाची बहीण उभी होती. "उसन्याला आधी चहा द्या," ती म्हणाली. "परत करायचाय ना, नीट ठेवायला हवा." पुढे तिने मला परत केलेच नाही. तिच्याबरोबर सुखाने संसार केला, तिने रागावून केलेला चहासुद्धा चांगला असायचा, आणि ती गेल्यापासून मी जो करतो त्याला चहा म्हणायला जीभ रेटत नाही. दुसऱ्याचा हात भाजला म्हणून आभार मानणे बरे दिसत नाही, पण मी मानतो. बेकरीवाल्याने घड्याळाला रोज किल्ली द्यावी.

कलम ४. बँकेतली शिल्लक दोन्ही क्लबांना मिळून. वेगवेगळी नव्हे, मिळून. तिच्यातून चहाच्या टेबलावर पक्के छप्पर घालावे. छपराचा उतार कुठल्या गावाच्या बाजूने असावा यावर सभा भरवू नये.

कलम ५. पोस्टमनने माझे भोके पाडायचे गिरमिट नेले आहे. ते त्यालाच दिले असे समजावे, कारण मी मेलो काय आणि जगलो काय, ते परत येणार नाही.

कलम ६. आमच्या गावच्या न्हाव्याला वस्तू काही देत नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. त्याला फक्त आभार देतो. तो त्या सामन्यात पंच होता.

वरच्या गावाने मला अगदी बॅटच्या समोर, चार पावलांवर उभे केले. तिथे बॉल लागण्याची भीती असते आणि आपल्या माणसाला कशाला लागू द्या, असा त्यांचा हिशेब. दादा छान खेळत होता. सामना आमच्या गावाकडे झुकला होता. म्हणजे त्याच्या गावाकडे. मी त्या दिवशी वरच्या गावचा. मग त्याने एक सणसणीत फटका मारला. बॉल गुडघ्याच्याही खालून आला, मी पुढे झेपावलो आणि गवतावर पालथा पडलो. बॉल माझ्या हातात होता आणि हात माझ्या पोटाखाली. बॉलखाली बोटे होती की गवत, हे पाहू शकेल असा समोर एकच माणूस होता, तो म्हणजे दादा. न्हाव्याने आधी बोट वर केले आणि मग विचार केला, असे त्याचे त्यालाच वाटते. पण ते बोट त्याने खाली घेतले नाही.

"जमिनीला लागला," दादा म्हणाला.

"बोटं खाली होती, दादा," मी म्हणालो.

आमचे शेवटचे बोलणे ते. आमचे गाव थोडक्यात हरले. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेलो तेव्हा आमच्या दोघांच्या कारखान्याच्या मधोमध दादा फळ्या ठोकत होता.

कलम ७. कारखान्याचा माझा अर्धा भाग आणि माझी सगळी हत्यारे पुतण्याला. एक अट आहे. मधल्या फळ्या त्याने स्वतःच्या हाताने काढाव्यात आणि त्यांचे मैदानाच्या कडेला बसायचे बाक करावे. लाकूड उत्तम आहे. दादाने रागाच्या भरातसुद्धा गाठीची फळी वापरली नाही.

वाटणीत मोठा रंधा माझ्याकडे राहिला आणि शिकंजा त्याच्याकडे. शिकंज्यात पकडल्याशिवाय रंधा नीट मारता येत नाही, आणि रंध्याशिवाय नुसत्या शिकंज्याने काही होत नाही. दोन सुतार असा संसार करत राहिले तो वहिनीच्या जिवावर. तिने एक फळी मुद्दाम सैल ठेवून घेतली. त्या फटीतून रंधा पलीकडे गेला, माझ्या चौकटी पलीकडे शिकंज्यात आवळून परत आल्या, माझ्या आजारपणात पेज आली, माझी बायको गेली तेव्हा आठवडाभर दोन वेळचा डबा आला. त्या चौकटींना धरून कोण उभे राहत होते, हे मी विचारले नाही. वहिनीचे हात तेवढे जड काम करणारे नव्हते, एवढे मला कळते. वहिनी, तुम्हालाही या कागदाने काही देता येत नाही, कारण कायद्याने साक्षीदाराच्या बायकोलाही मिळत नाही. माझे सगळे राहिलेले आयुष्य तुमच्या त्या फटीतून आले, हे मात्र लिहून ठेवतो.

कलम ८. तर कारण हे. वकीलबाई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. तुम्ही सही करताना त्यांनी प्रत्यक्ष समोर असायला हवं, आणि त्यांना मृत्युपत्रात काही द्यायचं नाही." मी म्हणालो, "म्हणजे साक्षीदाराला काही द्यायचं नाही, पण त्याला घरी यावंच लागेल?" त्या म्हणाल्या, "हो." त्या क्षणी मी दादाच्या नावापुढे लिहिलेले सगळे खोडले. सामन्यानंतर तो माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. माझी हत्यारे त्याला मिळाली असती, तर ती त्याने फटीतून नेली असती.

दादा, तू माझ्या झेलावर रागावलास असे गाव समजते. मी तसे समजत नाही. बाबा त्या दिवशी सीमारेषेबाहेर खुर्चीत बसले होते. त्यांनी आपल्या दोघांच्या कुठल्याही कामाला कधी बरे म्हटले नव्हते. ते काठी टेकून उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या नेमक्या तू बाद झाल्यावर. तुझ्या जागी मी असतो, तर मीही फळ्या ठोकल्या असत्या. पण संध्याकाळी टेकडी उतरताना बाबा काय म्हणाले, ते ऐकायला तू थांबला नाहीस, आणि फटीतून पाठवण्याजोगा तो निरोप नव्हता. ते म्हणाले, "थोरल्यानं काय मारला रे! मला बॉल दिसलाच नाही." सबंध वाट ते तुझ्याच फटक्याबद्दल बोलत होते. टाळ्यांमधला तुझा वाटा तुला पोचवायचा राहिला आहे. ही एवढीच वस्तू माझ्याजवळ तुझी आहे.

साक्षीदार म्हणून सहीला ये, एवढाच निरोप मी वहिनीकडे दिला. तिने फटीशी येऊन सांगितले, "भावोजी, मी बोलले त्यांच्याशी. करवत थांबली. मग परत सुरू झाली. याहून जास्त मला माहीत नाही." त्यामुळे तो येईल की नाही, हे लिहिताना मला ठाऊक नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे. तो आला नाही, तर तिथे दुसऱ्या कुणाला न बसवता हा कागद फाडावा आणि मालमत्ता कायद्याने जाईल तिकडे जाऊ द्यावी. वकीलबाईंना हे अजिबात पसंत नाही.

कलम ९. त्या सामन्याचा बॉल कुणालाच देत नाही. तो टेबलावर आहे. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवला आहे. ज्याला सही करायची, त्याला तो हातात घ्यावा लागेल.

ज्यांनी ज्यांनी मला उसने नेले आणि सांभाळले, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

सही: खालच्या गावचा सुतार, धाकटा

साक्षीदार पहिला: न्हावी, त्या दिवसाचा पंच. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, सुतार. धाकट्याने शुद्धीवर राहून सही केली, ती मी समोर बसून पाहिली. तो झेलही मी समोरूनच पाहिला होता. बोटे खाली होती.

स्थळ: धाकट्याच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर.
दिनांक: यंदाच्या सामन्याच्या आदला दिवस, शनिवार.

वकिलांचा शेरा: दुसऱ्या साक्षीदाराने नमुन्याबाहेरचा मजकूर लिहिला आहे. तो खोडायला दोघांही भावांनी नकार दिला.