फलकावरील सातवे लक्षण

प्रति,
माननीय प्रमुख,
प्रतिबंधक नोंद विभाग,
जिल्हा पोलीस कार्यालय, तेरकझोर,
फरगाना खोरे.

विषय : माझ्या नावापुढील 'अतिरेकी विचारांकडे कल' हा शेरा १७ ऑक्टोबरपूर्वी काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : गुझारबाग मोहल्ला समितीची घरनिहाय नोंदवही, घर क्र. ४१.

महोदय,

मी, इनोयतुल्ला मखसुदोव, वय ७४, तेरकझोरच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला ग्रंथपाल, आपला वेळ घेत आहे. हा अर्ज याआधी चार वेळा लिहून फाडला. तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करावी, याबद्दल माझ्या मनात अजूनही शंका आहे, हे आधीच कबूल करतो.

१. दोन वर्षांपूर्वी मोहल्ला समितीच्या सचिव ओयदिनबाई यांनी मला कार्यालयात बोलावले. "दोमला, वरून पत्र आलंय. अतिरेकी, कट्टर, मूलतत्त्ववादी, हे सगळे शब्द लोकांना समजतील असे लिहून द्या. तुम्ही आयुष्यभर पुस्तकांत बसलात, आम्ही कुठं शोधत बसू?" असे त्या म्हणाल्या. (मोहल्ल्यात मला सगळे 'दोमला', म्हणजे गुरुजी, म्हणतात.) मला कोणी काम सांगितले की आनंद होतो. मी चार शब्दकोश पाहिले. चौघांनी चार अर्थ दिले. एकात 'टोकावर उभा राहणारा' असा अर्थ होता, पण मध्य कुठे आहे आणि तो कोणी मोजला, हे त्यात नव्हते. ही अडचण मी मसुद्यात लिहिली होती. बाईंनी ती गाळली. "फलकावर अडचणी लिहीत नाहीत, दोमला."

२. अर्थाऐवजी लक्षणे द्यावीत असे ठरले. मी सहा लिहिली. सहाच पुरेशी होती. परंतु एका जुन्या पुस्तिकेत आणखी एक सापडले आणि यादी अपुरी राहू नये म्हणून मी तेही जोडले. सातवे लक्षण असे : 'अशी व्यक्ती शेजाऱ्यांशी संबंध तोडते, लग्नाच्या व मयताच्या जेवणांना जात नाही, एकटी बसून वाचत राहते.' फलक आजही समितीच्या दारावर आहे. अक्षरही माझेच आहे.

३. गेल्या वर्षी १८ ऑक्टोबरला माझी पत्नी मुखय्यो वारली. लोकांत मी तिच्यामुळे जात असे. ती माझ्या कोटाची बाही धरून मला जेवणांना नेई आणि बायकांकडे जाण्याआधी हळूच सांगे, "कोणी विचारलं तर उत्तर द्या, भिंतीकडे बघू नका." ती गेल्यावर मी जेवणांना गेलो नाही. रागाने नव्हे. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. आत गेल्यावर कोणाशेजारी बसायचे, हे मला कधी ठरवावेच लागले नव्हते.

४. फेब्रुवारीत घरनिहाय नोंदी झाल्या. दाढी (मी दाढी करण्याचे सोडले होते), दूरचित्रवाणी नाही (ती मुलीकडे पाठवली), अरबी लिपीतली पुस्तके (अकरा, पैकी सात व्याकरणाची), आणि सातवे लक्षण संपूर्ण. मी विचारणा केली तेव्हा ओयदिनबाई खरोखर ओशाळल्या. म्हणाल्या, "दोमला, व्याख्या तुमचीच आहे. आम्ही फक्त माणूस बसवला."

५. त्यानंतर कनिष्ठ निरीक्षक दिल्मुरोद दर गुरुवारी चार वाजता माझ्याकडे येतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते उंबऱ्यावर उभे राहून विचारतात, "काही नवीन?" मी 'नाही' म्हणतो. ते सही घेतात. मी चहा करून ठेवतो. "नियमात बसत नाही, ओता," असे, वडीलधाऱ्याला म्हणावे तसे, म्हणून ते जातात. मुलगी फोन करते तेवढे सोडल्यास, आठवड्यात माझ्याशी कोणी बोलत असेल तर तेच. गल्लीतील लोक वाईट नाहीत. ते मला पाहून दुसऱ्या बाजूने जातात, इतकेच.

६. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि याचे कारण लिहिले नाही तर हा अर्ज खोटा ठरेल. १९८३ साली माझे गुरू झिक्रिल्ला उस्ताद यांच्या व्याकरणाच्या पुस्तकावर 'प्रतिगामी' अशी चिठ्ठी लावण्याचा आदेश ग्रंथालयात आला. ती मी लिहिली आणि मीच चिकटवली. तेव्हापासून मी घरी जाण्याचा रस्ता बदलला, कारण जुना रस्ता त्यांच्या दारावरून जात होता. ते तीन वर्षांनी वारले. पुढे सोव्हिएत राजवट गेल्यावर, १९९२ साली 'राष्ट्रभक्त लेखक' या कपाटासाठी तेच पुस्तक मागवण्यात आले. मी वाफ देऊन चिठ्ठी काढली. गोंदाचा डाग राहिला. पुस्तकात मधल्या काळात एक अक्षरही बदलले नव्हते.

७. आता मुख्य मुद्दा. १८ ऑक्टोबरला मुखय्योला जाऊन वर्ष होईल, त्या दिवशी तिच्या नावाने गल्लीला पुलाव आहे. आचारी विचारतो, "दोमला, कढई किती माणसांची लावू?" मला सांगता येत नाही. मुखय्योने या गल्लीतल्या प्रत्येक घरच्या पुलावासाठी तांदूळ निवडले आहेत. तिच्या पुलावाला छोटी कढई लावणे मला शक्य नाही, आणि मोठी लावून अंगण रिकामे राहिले तर ते तिला दिसेल असे मला वाटते. हे अर्जात लिहिणे योग्य नसल्यास कृपया दुर्लक्ष करावे.

८. शिवाय गाजरे. आदल्या दिवशी गल्लीतील पुरुष आपापले चाकू घेऊन येतात आणि गप्पा मारत गाजरे चिरतात, ही आपल्याकडची रीत आपणास ठाऊकच आहे. मोठ्या कढईला चाळीस किलो लागतात. मी घड्याळ लावून पाहिले : मला एका किलोला बावीस मिनिटे लागतात. म्हणजे न थांबता साडेचौदा तासांहून अधिक, आणि तोवर पहिली गाजरे सुकतील. गेला महिनाभर मी सराव करीत आहे. एकोणीस मिनिटांपर्यंत आलो आहे.

तरी नम्र विनंती की,

(अ) माझ्या नावापुढील शेरा काढावा. रकाना कोरा ठेवता येत नसेल, तर तेथे 'विधुर' असे लिहावे. मी चारही कोश पाहिले. या एका शब्दाचा अर्थ चौघांनीही सारखाच दिला आहे.

(ब) (अ) नामंजूर झाले तरी फलकावरील सातवे लक्षण खोडावे. दुसऱ्या गल्लीतही कोणाची तरी पत्नी वारली असेल. खोडण्यासाठी मी स्वतः येईन.

(क) शेरा काढण्यास वेळ लागणार असल्यास, १७ ऑक्टोबर हा गुरुवारच आहे. त्या दिवशी निरीक्षक दिल्मुरोद यांना उंबरा ओलांडून, गणवेशातच, फाटकाजवळ बसून गाजरे चिरण्याची परवानगी द्यावी. एक किलोही पुरे. आपले पत्र गल्लीत कोणी वाचणार नाही, पण त्यांना बसलेले सगळे पाहतील, आणि मग कदाचित कोणी चाकू घेऊन येईल. त्यांनी चाकू आणण्याची गरज नाही. घरात दोन आहेत.

शेरा निघाल्यास गुरुवारची भेट बंद होईल, हे मला समजते. त्याबद्दल वेगळी विनंती करण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या उत्तराची चार वाजता वाट पाहणारा,
(सही)
इनोयतुल्ला मखसुदोव
घर क्र. ४१, गुझारबाग मोहल्ला
गुरुवार, २६ सप्टेंबर २०१९

सोबत :
१. फलकाच्या मूळ मसुद्याची प्रत, गाळलेल्या अडचणीसह.
२. पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. अकरा पुस्तकांची यादी. त्यांपैकी गोंदाचा डाग असलेले पुस्तक क्र. ६.