रिठ्याच्या पाण्यातला मदरबोर्ड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, दुपार

सौ. विहीणबाई बायडाबाईंना अंजनाचा जय जिनेंद्र.

तुमचा गुडघा वाकतोय का आता? तुमच्या लेकानं, वृषभरावांनी, आणलेली शेकायची पिशवी लागू पडली का? आम्ही सगळी बरी हाय. मी तर लईच बरी हाय, म्हणून तर एका जागी बसवंना. एवढं लिहिस्तोवर दोनदा गच्चीवर जाऊन आलो. का ते पुढं कळंलच.

आपल्या दीपाला (नात दोघींची, पण नाक तुमच्यावर गेलंय) नकाशे काढायची नोकरी लागली. सोमवारपासनं घरात बसून काम, फक्त कॉम्प्युटर स्वतःचा पाहिजे. तयार घ्यायला परवडंना, तवा पोरगी म्हणाली, आज्जी, एकेक भाग घिऊन मीच जोडतो. घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, त्यात काय हाय? हुपरीत पन्नास वर्षं चांदीची पैंजणं तशीच केली की! कड्या एका घरात, घुंगरू दुसऱ्या घरात, जोडणी तिसऱ्या. तवापासनं तिच्यासंगं दुकानं पालथी घालतोय. करंट पुरवायचा एक डबा असतोय, पावर सप्लाय. दुकानदारानं दोन ठेवले, त्यातला एक लाल लाइटीचा, चकचकीत. मी दोन्ही हातावर तोलले आणि चकचकीत परत दिला. पोकळ हाय म्हटलं. तो हसला, "आज्जी, ही भाजी न्हाय वजनावर घ्यायला." दीपानं मोबाईलवर बघितलं, तर माझ्या हातातलाच चांगला निघाला! आता नवा माल आला की तो आधी माझ्या हातात देतोय. (चहाबी पाजतोय, पण साखर लई घालतोय.)

तिथंच मदरबोर्ड जुना घेतला. म्हंजे सगळे भाग जिच्यावर बसत्यात ती हिरवी पाटी. वृषभरावांनी दिलेली जुनी रॅम हिलाच बसती म्हणून हीच घेतली. तुमच्या कॉम्प्युटरातबी असलीच हाय म्हणं (हे ध्यानात ठेवा).

इथवर सगळं बेस चाललंतं. बुधवारी दीपा मैत्रिणीच्या लग्नाला सांगलीला गेली. मी सहज पाटी उघडून बघितली, तर सांदीसांदीत काळी धूळ. आता तुम्हीच सांगा, जोडायचा माल कुणी मळका ठेवतंय का? रिठ्याच्या पाण्यात घासल्याबिगर आम्ही गिऱ्हाइकाला पैंजण कधी दावलं न्हाय. मी रिठं भिजवलं, मऊ ब्रश घेतला आणि धुतली. (तिच्यात एक चपटा सेल हुता, तो आधी काढून ठेवला. चांदीचा वाटला. न्हवता.) अशी लखलखली म्हणून सांगू! कौतुकानं शेजारच्या अमरसिंहला दावली, तो तुमच्या बिद्रीच्या कारखान्यात कामाला हाय. त्याच्या कपातला चहा सांडला. "आज्जी, कॉम्प्युटर धुत्यात व्हय?"

तवापासनं पाटी गच्चीवर ऊन खातीया आणि मी जिना झिजवतोय. उद्या सांजच्याला दीपा येणार. पोरीची पहिली नोकरी, विहीणबाई, आणि आज्जीनं ती धुऊन वाळत घातलीया.

जास्त काय लिहू, कावळा बसला काय ते बघून येतो.

तुमची,
अंजना

ता. क. : आता मुद्द्याचं. तुमच्या कॉम्प्युटरातली पाटी वृषभरावांकडनं काढून उद्या हे पत्र आणणाऱ्या अमरसिंहजवळच द्या. दुपारचं प्रवचन चार दिवस मोबाईलवर ऐका, पुण्य तेवढंच लागतंय. तुमच्या लेकीला, म्हंजे माझ्या सुनंला, कळू देऊ नका. फोनच केला असता, पण ती माझ्या शेजारी बसून शेंगा फोडतीया.

ता. क. दुसरा (शनिवार) : अमरसिंहची पाळी बदलली, पत्र इथंच राहिलं. आणि दीपा दुपारीच आली. मी तोंड उघडायच्या आत तिनं पाटी हुंगली, मग माझ्याकडं बघितलं. रिठ्याचा वास कुठं लपतोय? लगेच सगळं जोडलं, बटण दाबलं. मी डोळं मिटलं. पंखा फिरल्याचा आवाज आला आणि पोरगी वरडली, "आज्जे, चालू झाला!" सेल आधी काढलता म्हणून वाचला म्हणं. परत हात लावलास तर बघ, असंबी म्हणाली. तवा तुमची पाटी राहू द्या जागेवर.

ता. क. तिसरा : तुमचा कॉम्प्युटर लई घुरघुरतोय म्हणालता. येताना घिऊन या. सेल कुठला काढायचा ते मला आता ठावं हाय. रिठंबी उरल्यात.