देणगीदाराचा फोनो

पनवेल,
रविवार, १५ फेब्रुवारी १९५३

प्रिय आरोनदादा यास धाकट्या एलिशेबाचा शालोम.

तुझं पत्र पोचलं. बेर्शेबाच्या थंडीनं मुलं आजारी पडली हे वाचून वाईट वाटलं. वाळवंटात थंडी असते हे निघण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं का? आपल्या वाचनालयात भूगोलाची पुस्तकं आहेत. तू तिथला देणगीदार असूनही त्यातलं एकही उघडलं नाहीस, हा भाग वेगळा.

तुम्ही परत येताय हे बरंच झालं. वहिनीला इथलं पाणी मानवेल. पण तुझं अर्धंअधिक पत्र फोनोबद्दलच आहे. 'कमळाकरपंतांना भेटून फोनो आणि रेकॉर्डी सोडवून ठेव, आल्याबरोबर लागतील.' तर आधी त्या फोनोचं काय झालं ते ऐक.

आपल्या यहुद्यांच्या नव्या देशाला जायला तू बोटीवर चढलास आणि इकडे वाचनालयाच्या भिंतीवर, फोनो देणारा म्हणून, तुझ्या नावाची पाटी लागली. चिटणीस म्हणून पंतांनी भाषण केलं, "कलेची गंगा पनवेलच्या दारी आली," म्हणाले आणि फोनोला कुलूप लावलं. आपल्याकडच्या मोठ्या माणसांची हीच रीत. गंगा आली की आधी कुलूप शोधतात.

पुढे सभासदांनी कटकट केली तेव्हा रोज संध्याकाळी तासभर फोनो लावायचं ठरलं. बायकांसाठी पंतांनी खास नियम केला. मागच्या बाकावर बसायचं आणि समोर पुस्तक उघडं ठेवायचं, कारण नुसतं गाणं ऐकत बसणं बाईला शोभत नाही. मी हाताला लागलं ते पुस्तक घेतलं. मधमाश्या पाळण्याबद्दलचं होतं. काही दिवस ते नुसतंच उघडं ठेवलं. मग एकदा पंतांनी त्यांच्या आवडीची रटाळ रेकॉर्ड लागोपाठ दोनदा लावली आणि निव्वळ वैतागानं मी खाली बघून वाचायला लागले. ते संपवलं, मग प्रवासवर्णनं, मग कादंबऱ्या. आता कपाटात माझं न वाचलेलं फारसं उरलेलं नाही. आपल्या नियमामुळे एक बाई वाचायला लागली हे पंतांना कळलं असतं, तर त्यांनी नियम त्याच दिवशी रद्द केला असता.

गाण्याचं म्हणशील तर तो खाँसाहेबांचा यमन आपल्या घरात इतकी वर्षं होता. पाहुणे आले की तू लावायचास आणि रेकॉर्डभर स्वतःच बोलायचास. मी तो पहिल्यांदा नीट ऐकला तो त्या बाकावर. शेवटी शेवटी ते एका सुरावर थांबतात. तिथं मला रडू आलं, पुस्तकात तोंड घालून बसावं लागलं.

घरी तू मला फोनोला हात लावू देत नव्हतास. बाईच्या हातून सुई तुटते म्हणे. पंतांच्या हातून तीन रेकॉर्डी फुटल्या, तेव्हा मंडळींनी निमूटपणे फोनो माझ्या ताब्यात दिला आणि मला कमिटीवरही घेतलं. आता फोनोला चावी मीच देते. फक्त शब्बाथला शिपाई काशिराम देतो. पहिल्याच शनिवारी तो आपण होऊन म्हणाला, "बाय, तुमी नुसत्या बसा. आज तुमचा शनवार हाय ना." त्याला जे कळलं ते पंतांना अजून समजावून सांगावं लागतं.

तू पंतांनाही लिहिलं होतंस, त्यामुळे मला त्यांना भेटायला जावं लागलं नाही. बुधवारी कमिटी बसली. देणगीदार अडचणीत आहे, फोनो परत द्यावा, असा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. माझा खालीच राहिला. पंत म्हणाले, "अहो एलिशेबाबाई, तुमचा सख्खा भाऊ आहे." मी म्हटलं, "माहीत आहे. पण दिलेली वस्तू सभासदांची झाली. सभासदांना विचारा." या लोकांना सभासदांची फार भीती. एकेक हात खाली आला.

फोनो मिळणार नाही, दादा. तो मी अडवला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे.

रागावशील. खुशाल रागाव. जाताना फोनो कुणाला द्यावा म्हणून तू गावभर विचारत फिरलास. शाळेला विचारलंस, डॉक्टरांना विचारलंस. वहिनी म्हणाली, घरातच राहू दे. तेव्हा तू म्हणालास, "एलिशेबाला काय कळतंय त्यातलं?" मी तिथेच भाजी निवडत होते. फोनोची सोय लावूनच तू निघालास. पण बरोबर येतेस का, हे मला एका शब्दानं विचारलं नाहीस. मी नाहीच म्हणाले असते. आई अंथरुणावर होती, तिला टाकून कुठे जाणार? पण तू विचारायला हवं होतंस. आई गेल्यावरही तुझं पत्र आलं ते दुखवट्याचं. त्यातही विचारलं नव्हतंस. त्याचं मला फार लागलं.

तुमच्या खोलीला चुना काढून घेतला आहे. मुलांसाठी गाद्या भरायला टाकल्या आहेत.

आता मीच तुला विचारते. फोनो नाही, फक्त मी आहे. येतोस का?

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी बहीण एलिशेबा